लिंकनने न लिहिलेलं पत्र आणि आज्जीची मिलो

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. गाव म्हणजे कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशिमला जाताना लागतं. पुण्यात कुणाला सांगितलं की हमखास विचारतात, "नाका कसला?" हद्दीचा. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. आता अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ. हद्द तीच, पाट्या बदलल्या.

तर सहज जुन्या शाळेत डोकावलो. ऑफिसात ती फ्रेम अजून होती! अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं ते पत्र कुठल्या ना कुठल्या भिंतीवर असतंच. पाठांतर स्पर्धेत मी ते घडाघडा म्हणून दुसरा नंबर मिळवला होता. (पहिला नंबर आलेल्या मुलीनेही तेच म्हटलं होतं.)

गंमत अशी की हे पत्र लिंकनने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. लिंकनची पत्रं, भाषणं, अगदी चिठ्ठ्याचपाट्यासुद्धा जपून छापलेल्या आहेत. त्यात हे पत्र नाही. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची महाराष्ट्रातली सगळ्यात ठळक खूण त्याने उमटवलेलीच नाही!

मग खरी खूण कुठे आहे? परतीच्या प्रवासात हाच विचार डोक्यात होता, आणि मग दोन वीकेंड वाचत बसलो. तेच आज लिहितोय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. :-)

आधी भाषणांचं बघू. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी वुड्रो विल्सन यांनी स्वयंनिर्णयाची भाषा सुरू केली आणि जगभरच्या गुलाम देशांना वाटलं, आता आपला नंबर. लोकमान्य टिळक तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी १९१९ च्या सुरुवातीला विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानालाही हाच न्याय लावा म्हणून सांगितलं. उत्तर आलं ते सेक्रेटरीचं, आणि त्याचा सारांश एवढाच की योग्य वेळी योग्य लोक बघतील. ऑफिसात आपण याला 'नोटेड' म्हणतो. पुढे काहीच झालं नाही.

तेव्हा भाषणं बाजूला ठेवू. माझं मत असं झालंय की राष्ट्राध्यक्षाची खूण भाषणात नसते, सहीत असते. आणि ती उमटते कुठे, हे सही करणाऱ्यालाही माहीत नसतं.

आमच्या घरात ती उमटली आज्जीच्या ताटात.

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आज्जी दोन गोष्टी सांगते. एक, खडी फोडायला जायची ती. आणि दुसरी, मिलो. "लाल लाल दाना व्हता बाबा. भाकर थापावं तं तव्यावर टाकूस्तोर चिरायची. लोक म्हनायचे, तिकडं ढोरायला घालतेत." लोक म्हणायचे ते खरंच होतं. मिलो म्हणजे अमेरिकन ज्वारी. तिकडे तिचा मुख्य उपयोग जनावरांच्या खाद्यासाठी. आमच्याकडे ती रेशनवर आली.

ती तिथून इथपर्यंत कशी आली, त्याची सुरुवात १० जुलै १९५४ ला होते. त्या दिवशी आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. पब्लिक लॉ ४८०, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडातला 'पीएल-४८०'. अमेरिकेत गहू उदंड पिकला होता, सरकारची कोठारं तुंबली होती, शेतकऱ्यांना भाव तर द्यायचा होता. उपाय काय? जास्तीचं धान्य गरीब देशांना विकायचं आणि पैसे डॉलरऐवजी त्यांच्याच चलनात घ्यायचे. थोडक्यात, अडचण होती कॅन्ससच्या शेतकऱ्याची आणि उत्तर येऊन पडलं मुंबई बंदरात. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला.

सगळ्यात मोठा करार मात्र मे १९६० चा, आणि त्यात एक अस्सल मराठी पात्र आहे. स. का. पाटील. मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा आणि तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं तेच. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि ४ मे ला पाटील वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्या शेजारी बसून सह्या करत होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. महाराष्ट्राच्या जन्माच्या आठवड्यातच त्याच्या ताटात काय असणार हे ठरत होतं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

गहू आला, शहरांतली रेशन दुकानं चालली, भाव आटोक्यात राहिले. हे नाकारण्यात अर्थ नाही, त्या गव्हाने माणसं जगली. पण बाहेरचं धान्य स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर आपल्या शेतीकडे बघायची निकड संपली. पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये नीलकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन यांनी या मदतीचा आपल्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला यावर १९६७ मध्ये चक्क पुस्तक लिहिलं. म्हणजे वाद तेव्हाही होताच.

आपल्या भाषेत सांगायचं तर फुकट मिळणाऱ्या सर्व्हिसवर सगळी सिस्टिम उभी केली, आणि मग मालक बदलला.

नवे मालक लिंडन जॉन्सन. जून १९६५ मध्ये आधीच्या कराराची मुदत संपली आणि त्यांनी लांब पल्ल्याचा नवा करार करायला नकार दिला. गहू मिळेल, पण थोडा थोडा, महिन्या-दोन महिन्यांच्या हिशोबाने. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं, पुढच्या वर्षी पुन्हा दुष्काळ. १९६६ मध्ये भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं आणि त्यातलं बरंच अमेरिकेचं होतं. जॉन्सन स्वतः भारतातल्या पावसाचे आकडे बघायचे, कुठलं जहाज कधी सुटणार यात लक्ष घालायचे. एका देशाच्या भाकरीचा अप्रूव्हल दर महिन्याला एका माणसाच्या टेबलावर!

त्यांची कारणं काय? एक म्हणजे भारताने शेतीत पैसा घालावा. दुसरं, मदतीला कंटाळलेलं त्यांचंच संसद. आणि तिसरं, व्हिएतनामवरून भारत टीका करतो याचा राग. यातलं पहिलं कारण मला पटतं, तिसरं नाही. पण पोटाला तिन्ही सारखीच लागतात.

इकडे राजकारण ढवळून निघालं. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं. त्यांच्या निधनानंतर इंदिरा गांधी आल्या, मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन आल्या, आणि ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपये. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला अनेक राज्यं गमवावी लागली. दक्षिण मुंबईत खुद्द स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडलं. आता पाटील काही फक्त गव्हामुळे पडले नाहीत, पण त्या वर्षांतली महागाई आणि टंचाई मतदार विसरला नव्हता.

महाराष्ट्रात तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे आमच्या बाजूचेच. डिसेंबर १९६३ मध्ये ते आले आणि अकरा वर्षांहून जास्त टिकले. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या. मुख्यमंत्र्याने असं बोलावं ही वेळ का आली होती, हे जॉन्सनचं प्रकरण वाचल्यावर मला नीट कळलं. धान्य ही तेव्हा शेतीची नाही, अब्रूची गोष्ट झाली होती.

नाईकांचा सगळा भर हायब्रीड ज्वारीवर. आणि इथे मला या सगळ्या शोधाशोधीतली सर्वात भारी गोष्ट सापडली.

ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. त्यामुळे संकर करायचा तर प्रत्येक फुलातला नरभाग हाताने काढावा लागणार, आणि एकरच्या एकर बियाणं असं तयार होणं शक्यच नाही. तोड निघाली टेक्सासमध्ये. स्टीफन्स आणि हॉलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मिलोच्या पेशीद्रवात काफिर नावाच्या ज्वारीचं केंद्रक आणलं तर त्या झाडाला परागच धरत नाहीत. म्हणजे आयती मादी! शेजारी दुसरं वाण लावा, संकरित बी तयार. हा शोधनिबंध छापून आला ते वर्ष १९५४. पीएल-४८० वर सही झाली तेच वर्ष.

भारतातली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१, १९६४ ची. तिची आई 'कम्बाइन काफिर ६०' नावाचं अमेरिकन वाण, याच पद्धतीचं. पेशीद्रव आईकडूनच पुढे जातो. म्हणजे आज्जी जिला आजही शिव्या घालते तीच मिलो, नाईकांच्या स्वयंपूर्णतेच्या ज्वारीत आईच्या बाजूने बसलेली आहे! रेशनवर आली तेव्हा लाचारी, बियाण्यातून आली तेव्हा स्वावलंबन. दाणा एकाच कुळातला.

आता आपल्या फ्रेममधल्या लिंकनकडे परत येऊ. टेक्सासचं ते संशोधन केंद्र टेक्सास ए अँड एम या कॉलेजच्या पसाऱ्यातलं. ते कॉलेज उभं राहिलं लँड-ग्रँट कायद्यामुळे, म्हणजे मॉरिल कायद्यामुळे. शेती आणि कारागिरी शिकवणारी कॉलेजं काढण्यासाठी केंद्र सरकार राज्यांना जमिनी देणार, दर खासदारामागे ३० हजार एकर. (ही जमीन मूळची तिथल्या आदिवासींची, हेही सांगायला हवं. कुणाच्याही पुण्याईचा हिशोब एवढा स्वच्छ नसतो.) या कायद्यावर सही २ जुलै १८६२ ची. यादवी युद्ध ऐन भरात होतं. सही करणारा अब्राहम लिंकन.

आणि आपली कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर बेतलेली आहेत. शिक्षण, संशोधन आणि शेताच्या बांधावर जाऊन सांगणं, तिन्ही एका छपराखाली. पहिलं पंतनगरला १९६० मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. मग आपल्याकडे राहुरी, १९६९ मध्ये अकोला, आणि १८ मे १९७२ ला परभणी. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव दिलं. नाईकांचा जन्म १ जुलैचा, तो आपला कृषी दिन. लिंकनची सही २ जुलैची. एक दिवसाचं अंतर.

म्हणजे लिंकनने न लिहिलेलं पत्र आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे, आणि त्याने खरोखर केलेली सही शाळेमागच्या शेतात आहे. तिच्यावर कुणी पाठांतर स्पर्धा घेत नाही.

उलटही होतं. न केलेल्या गोष्टीचं पाप माथी लागतं. गाजर गवत, उर्फ काँग्रेस गवत, पीएल-४८० च्या गव्हातून आलं, असं आपण सगळे ऐकत मोठे झालो. पण पुण्यात ते दिसल्याची नोंद १९५५ ची, आणि पहिला करार १९५६ चा! त्याआधीही अमेरिकेतून गहू येत होताच (१९५१ मध्ये ट्रुमन यांनी भारताला गव्हासाठी कर्ज दिलं होतं), त्यामुळे गवत माजायला गहू कारण झाला असेलही. पण भारतातल्या जुन्या वनस्पतिसंग्रहांत या गवताचे एकोणिसाव्या शतकातलेही नमुने सापडले आहेत. पत्राचं श्रेय जसं उधार, तसा गवताचा दोषही निदान अर्धा उधारच.

असो. पुन्हा बहात्तर.

परभणीला विद्यापीठ निघालं त्याच वर्षी पाऊस गेला. नाईकांची घोषणा आकाशाने ऐकली नाही. अमेरिकेत तेव्हा निक्सन. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये, त्यांनी भारताची मदत थांबवली होती. जुलै १९७२ मध्ये त्यांनीच सोव्हिएत रशियाला धान्य घ्यायला ७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. रशियाने प्रचंड खरेदी केली आणि जगभर धान्याचे भाव भडकले. भारत बाजारात उतरला तो याच भावात, रोख पैसे मोजून. आज्जीची मिलो या काळातली. म्हणजे ती 'मदत' नव्हतीच. ढोरांचा दाणा होता, पण रोखीचा.

मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आणि गावागावांत दुष्काळी कामं निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातली एक आमची आज्जी.

इथे मात्र वॉशिंग्टनचा संबंध संपतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे बरीच वर्षं एक कल्पना घेऊन मागे लागले होते. मागेल त्याला काम, आणि ते देणं ही सरकारची जबाबदारी. दुष्काळात ती रोजगार हमी योजना म्हणून उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यामागे तीच कल्पना होती. यात कुठल्याही राष्ट्राध्यक्षाची सही नाही.

हिशोब पुरा करायला एक शेवटची नोंद. पीएल-४८० चे रुपये भारतात साठत गेले होते. इतके, की अमेरिकेलाही त्याचं काय करावं कळेना. त्यातून इथली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली जायची, त्यात मराठी पुस्तकंही. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकन राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला आणि खातं मिटवलं. खातं मिटलं. सवय मिटली का?

कारण आता तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला. मग २०२५ चा ऑगस्ट आठवा. ट्रम्प यांनी भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. आपल्या कापडगिरण्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेर. आमच्याकडे नवा कापूस निघायच्या तोंडावर. काकांचा फोन आला, "भावाचं काय व्हईल रे?" जणू मला माहीतच आहे. पुढच्याच महिन्यात, १९ सप्टेंबरला, नव्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर फी लावणारी सही झाली. शनिवारी सकाळी आमच्या टीमच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. ऑनसाईटच्या एका यादीत माझंही नाव होतं. आधी काकांनी मला विचारलेलं, या वेळी मी मॅनेजरला विचारलं, "आता काय होईल?" त्यालाही माहीत नव्हतं.

हेही लक्षात घ्या की तो व्हिसा जन्माला आला तोही सहीनेच. थोरल्या बुश यांची, नोव्हेंबर १९९० ची. त्या सहीने हिंजवडीतल्या किती घरांचे हप्ते फेडले याचा हिशोब कोण ठेवणार? तेव्हा सही वाईट असते असं माझं म्हणणं नाही. सही त्यांच्या गरजेने होते, एवढंच. कॅन्ससच्या गव्हासाठी, टेक्सासच्या शेतकऱ्यासाठी, सिलिकॉन व्हॅलीच्या प्रोजेक्टसाठी. आपल्याला फायदा झाला की आपण फ्रेम लावतो, तोटा झाला की गवताला नाव ठेवतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. दोन सह्यांच्या मधल्या काळात आपण काय करतो? साठ साली गहू भरपूर येत होता तेव्हा आपण निवांत राहिलो. आपली इंडस्ट्रीसुद्धा गेली तीसेक वर्षं बरीचशी तशीच निवांत आहे, असं मला वाटतं. राग आला तर कॉमेंटमध्ये भांडा.

जाता जाता. हे तुमच्या प्रत्येकाच्या खिशातलं आहे म्हणून सांगतो. तुमची पगाराची स्लिप काढा. 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने गावातल्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा, असा तो विचार होता. इतकी वर्षं ही ओळ मी बघत होतो आणि दर वेळी चडफडत होतो.

परवा फोनवर आज्जीला हे सांगितलं. म्हटलं, तू खडी फोडलीस ना, त्या कामासाठी माझ्या पगारातून पैसे कापतात.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं. पर लई उशीर केलास की रे."